महामार्ग सोडून पांदणीला लागा : केळझर परिसरातली सायकल आणि जीपीएस

नागपूरहून वर्धेला जाताना बुटीबोरी मागे पडली की पुढे केळझर लागतं. बहुतेकांना ते माहीत असतं टेकडीवरच्या गणपतीमुळे. विदर्भातल्या अष्टविनायकांत या देवळाची गणना होते. गाडी लावायची, टेकडी चढायची, दर्शन घ्यायचं, खाली येऊन चहा घ्यायचा आणि पुन्हा चौपदरी रस्त्याला लागायचं, एवढाच अनेकांचा या गावाशी संबंध. हीच जुनी एकचक्रानगरी आणि इथेच भीमाने बकासुराला मारलं, अशी कथा गावात सांगतात. ती ऐकायलाही फारसं कोणी थांबत नाही.

थांबावं असं हे ठिकाण आहे. सायकलवाल्याने तर नक्कीच. एका बाजूला महामार्ग आणि रेल्वे, दुसऱ्या बाजूला वायव्येकडे बोरच्या जंगलापर्यंत गेलेल्या टेकड्या, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात कपाशी, तूर, सोयाबीनची वावरं. त्यांच्यातून गावागावांना जोडणाऱ्या पांदणी. चारचाकीला या वाटा अरुंद पडतात आणि पायी फिरायला अंतर जास्त होतं. सायकलला मात्र त्या अगदी मापाच्या आहेत. वर्धा इथून साधारण २६ किलोमीटर, नागपूर पन्नासच्या आसपास. दोन्ही शहरांतल्या माणसाला सकाळी निघून दुपारच्या आत घरी पोहोचता येतं.

सायकलिंग म्हटलं की हल्ली विक्रमांची चर्चा होते, आणि नागपूरला तसा अभिमान वाटावा असं नावही आहे. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी रशियातली नऊ हजार किलोमीटरहून अधिक लांबीची ट्रान्स-सायबेरियन शर्यतही. त्यांच्या जिद्दीला सलामच आहे. पण हा लेख ज्यांना रविवारी तीस-चाळीस किलोमीटर फिरायचं आहे, वाटेत थांबायचं आहे, एखाद्या विहिरीत डोकावायचं आहे, त्यांच्यासाठी आहे. वेग किती होता हे त्यांना कोणी विचारणार नाही.

अशा फिरण्यात जीपीएस फार उपयोगी पडतं, पण ते कशासाठी वापरायचं हे आधी ठरवावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे. कुठे वळायचं हे प्रत्येक चौकात फोनला विचारत बसू नये. फोनकडून एकच हमी घ्यावी, ती परतीची. आपण कुठे आहोत आणि जवळचा डांबरी रस्ता कुठल्या दिशेला आहे, एवढं खात्रीने कळलं की माणूस अनोळखी पांदणीत बिनधास्त शिरतो. बाकी वाट डोळ्यांनी आणि माणसांना विचारूनच शोधावी.

फोनला रेंज नसली तरी

सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करू. इंटरनेट नसलं की जीपीएस बंद पडतं, असं खूप जण धरून चालतात आणि म्हणून जंगलाच्या बाजूला जायला कचरतात. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत आपली जागा आणि वेळ सांगणारे संकेत पाठवत असतात. आपला फोन ते फक्त ऐकतो. संकेत निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा यावरून त्या उपग्रहापासूनचं अंतर निघतं. किमान चार उपग्रहांची अंतरं जुळली की आपली जागा ठरते. अमेरिकेच्या जीपीएससोबत आता रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहही आपले फोन वापरतात, आणि अनेक नव्या फोनांत आपल्या इस्रोची ‘नाविक’ प्रणालीही असते.

इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र दाखवायला. म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्यायचा. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही दोन अ‍ॅप्स यासाठी चांगली आहेत. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात आणि महाराष्ट्राचा नकाशा एकदा फोनमध्ये घेतला की रेंजचा प्रश्न मिटतो. गुगल मॅप्सवरही ठरावीक भाग साठवून ठेवता येतो, पण शेतातल्या वाटा त्यात सगळीकडे सारख्या नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही २०१७ पासून नागरिकांना संकेतस्थळावरून मोफत मिळतात. त्यांत टेकड्यांच्या उंचीच्या रेषा, नाले, तलाव, विहिरी, देवळं अशी बारीक माहिती असते. नवे रस्ते त्यांत नसतील, पण जमिनीचा चढउतार बदललेला नसतो. एक संध्याकाळ त्या नकाशासोबत घालवा. केळझरच्या आसपास कुठला नाला कुठून कुठे जातो हे एकदा डोक्यात बसलं की पुढे फोन कमी काढावा लागतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक चाचणी घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, लोकेशन सुरू ठेवा, अंगणात किंवा गच्चीवर जा आणि नकाशा उघडा. आपला निळा ठिपका दिसला, आजूबाजूच्या गल्ल्या दिसल्या, तर तयारी झाली. ठिपका उमटायला थोडा वेळ लागेल, कारण रेंज असताना उपग्रह लवकर शोधायला मोबाइलचं जाळं फोनला मदत करत असतं. ती मदत नसताना धीर धरावा लागतो. मोकळ्या आकाशाखाली फोन धरून दोन-तीन मिनिटं शांत उभं राहिलं की काम होतं.

अचूकतेबद्दल अपेक्षा माफक ठेवा. मोकळ्यावर साध्या फोनचा ठिपका पाच मीटरच्या आसपास बरोबर असतो. दाट सागाच्या रानात किंवा टेकडीच्या कुशीत तो भरकटतो. म्हणजे दोन समांतर पांदणींपैकी आपण कुठल्या पांदणीवर आहोत हे कधी कधी तो चुकीचं सांगेल. उंचीच्या आकड्यावर तर भरवसा ठेवूच नका. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. भारतात या दोहोंत कित्येक मीटरांचा फरक पडतो. काही अ‍ॅप्स तो दुरुस्त करून दाखवतात, काही दाखवत नाहीत.

अक्षांश-रेखांश वाचता येणंही जमवा. केळझर साधारण २०.८ अंश उत्तर आणि ७८.८ अंश पूर्वेला आहे. उत्तर-दक्षिण दिशेत एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशानंतरचा तिसरा अंक बदलला की साधारण शंभर मीटर, पाचवा बदलला की एक मीटर. याचा उपयोग अडचणीच्या वेळी होतो. मदत मागताना ‘नाल्याच्या पुढे, मोठ्या बाभळीजवळ’ असं सांगण्यापेक्षा चार दशांशांपर्यंतचे दोन आकडे सांगितले की शोधणारा दहा-बारा मीटरच्या आत येतो.

नकाशावरची रेघ आणि काळी माती

आता मुख्य गोष्ट, पांदण. नकाशावर ती बारीक तुटक रेघ असते, आणि अ‍ॅपला तिच्यात आणि डांबरी रस्त्यात फारसा फरक कळत नाही. जवळचा रस्ता दाखव म्हटलं की ते बेलाशक तुम्हाला तिच्यात घालतं.

डिसेंबरात हीच वाट सोन्यासारखी असते. दोन्ही बाजूंना धुऱ्यावर बाभळी, बोरी, पळस, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या, त्यांच्यामधे गवताची पट्टी. सायकल एका चाकोरीत धरली की फुफाट्यातूनही बरी चालते. पण जुलैत किंवा ऑगस्टात तिथे जाऊ नका. वर्धा जिल्ह्याची काळी कसदार जमीन ओली झाली की तिचा चिखल टायरला थर धरून चिकटतो. पन्नास पावलांत तो मडगार्डखाली, ब्रेकच्या मधे, साखळीच्या चाकात भरतो आणि चाक फिरायचंच थांबतं. काडीने खरवडून काढायचा, पुन्हा दहा पावलं ढकलायची, पुन्हा खरवडायचा. सायकल उचलून घ्यावी तर चिखलासकट तिचं वजन दुपटीने वाढल्यासारखं वाटतं. पाऊस पडून गेल्यावर वरून वाळलेली दिसणारी मातीही आत ओली असते. बुटाची टाच दाबून बघावी. खड्डा पडला आणि कडा चकाकल्या तर मागे फिरावं. मुरूम टाकलेली पांदण मात्र पावसाळ्यातही बऱ्यापैकी टिकते. तांबूस-पिवळा रंग दिसला की शिरायला हरकत नाही.

नाल्यांचंही असंच. उपग्रहावरून घेतलेल्या ज्या छायाचित्रांवरून आपण घरी वाट आखतो, ती बहुतेक निरभ्र आकाशाच्या दिवसांतली, म्हणजे हिवाळा-उन्हाळ्यातली असतात. त्यांत प्रत्येक नाला कोरडा दिसतो. सप्टेंबरात त्याच ठिकाणी गुडघाभर पाणी असू शकतं. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसलं तरी सायकल घालू नका. खालचं शेवाळ आणि पाण्याचा जोर दोन्ही वरून कळत नाहीत.

तिसरी अडचण नवी आहे. समृद्धी महामार्ग केळझर ज्यात येतं त्या सेलू तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. त्यावर सायकलला आणि दुचाकीलाही बंदी आहे आणि दोन्ही बाजूंना कुंपण आहे. जुन्या नकाशांत सरळ पलीकडे गेलेल्या वाटा त्या कुंपणाशी संपतात. पलीकडे जायला खालून काढलेला भुयारी रस्ता शोधावा लागतो, आणि तो कधी कधी बराच दूर असतो. म्हणून वाट आखताना समृद्धी जिथे ओलांडायची ती जागा उपग्रहचित्रावर मोठी करून बघा, भुयारी रस्ता खरंच आहे याची खात्री करा आणि तिथे खूण करून ठेवा.

या सगळ्यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे वावरातल्या माणसाला विचारणं. ‘भाऊ, ही पांदण पुढे निघते का?’ एवढं विचारलं की गडी मान वर करून आधी सायकलकडे बघतो, मग सांगतो, ‘पुढं रपट्यावर पाणी हाये, फाट्याकून जा.’ हे कुठल्याही अ‍ॅपला ठाऊक नसतं. विचारताना ‘हा रस्ता अमुक गावाला जातो ना?’ असं विचारू नये. माणूस भिडेखातर ‘जातो’ म्हणतो. ‘अमुक गावाला सायकलनं कसं जावं?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. आणि शेत कोणाचं तरी आहे हे विसरू नये. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावरून चालावं लागलं तर सायकल हातात धरावी, तुरीच्या ओळीतून घालू नये.

कुठे जावं

सुरुवात सेलूकडच्या बाजूने करा. महामार्गाची मुख्य मार्गिका टाळून आतल्या गावांमधून सेलू गाठता येतं, आणि तिथून पुढे पवनार. धाम नदीच्या काठी विनोबा भाव्यांचा परंधाम आश्रम आहे. १९३८ मध्ये विनोबा इथे आले. आश्रमाची जमीन खणताना जुन्या मूर्ती आणि शिल्पं निघाली, ती आजही तिथे बघायला मिळतात. रामायणातले प्रसंग कोरलेले त्यांतले पट थांबून बघण्यासारखे आहेत. इतिहास-संशोधक वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मत मांडलं. नदीच्या पायऱ्यांवर बसून अर्धा तास घालवा. पाय मोकळे होतात. ताकद उरली असेल तर वर्धा पुढे आठेक किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या गोरस भांडारचा गोरसपाक हा खाऊ पिशवीत टाकून परत फिरता येतं.

दुसरी दिशा बोरची. सेलूहून हिंगणीवरून बोरधरणाकडे डांबरी रस्ता जातो. इथे मजा आहे आणि जबाबदारीही आहे. बोर १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. गाभ्याचं क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. क्षेत्र लहान असलं की वाघ सीमेच्या आत राहत नाही. तो आसपासच्या रानांतून, शेतांच्या कडेने फिरतो. म्हणून इथे काही गोष्टी पक्क्या पाळायच्या. प्रवेशद्वाराच्या आत सायकल न्यायची नाही. परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नकाशावर जंगलातून जाणारी छान वाट दिसली तरी तिचा मोह टाळा. बाहेरच्या रस्त्यावरही ऊन नीट वर आल्यावर जा आणि सूर्य मावळण्याच्या बऱ्याच आधी सेलूला परत या. एकट्याने जाऊ नका. वाटेत रस्त्याकडेला खाली बसून पंक्चर काढायची वेळ आली तर एकाने काम करावं, दुसऱ्याने उभं राहून आजूबाजूला लक्ष ठेवावं, कारण वाकलेला, बसलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही. कानात हेडफोन घालू नका. गावकरी ‘आज त्या बाजूला जाऊ नका’ म्हणाले तर वाद न घालता फिरा. त्यांना कालच काही दिसलेलं असतं.

जीपीएसवाल्यांना आणखी एक विनंती. वाघाचे ठसे, एखादं घरटं किंवा खोकड-सायाळीचं बीळ दिसलं तर त्या जागेचे आकडे समाजमाध्यमांवर टाकू नका. तिथे काढलेल्या फोटोतही फोन गुपचूप जागा नोंदवून ठेवतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ती नोंद बंद करून ठेवा.

रेल्वेच्या बाजूला सिंदी (रेल्वे) आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तिथला तान्हा पोळा आणि त्यातले माणसापेक्षा उंच लाकडी नंदी ऐन पावसाळ्यात बघायला मिळतात, तेव्हा डांबरी रस्त्यानेच जा.

पायांत बळ आलं की हिंगणघाट जरूर करा. वर्धेहून आग्नेयेला पस्तीस-चाळीस किलोमीटर. हातात जीपीएस धरणाऱ्या प्रत्येकाने तिथे एकदा जावं असं मला मनापासून वाटतं. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्बटन याचा अंत २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला झाला आणि त्याची कबर तिथेच आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची एक रेघ जमिनीवर साखळीने मोजून त्याने कामाला सुरुवात केली. मग त्या रेघेच्या टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन मोजायचा, त्रिकोण पुरा करायचा, त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, असं करत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. कोन मोजायचं त्याचं थिओडोलाइट यंत्र जवळपास अर्ध्या टनाचं होतं. ते टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवावं लागे. हैदराबादहून नागपूरकडे येताना तो वाटेत गेला आणि ते काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेलं. नागपुरातल्या झिरो माइलजवळचा १९०७ चा दगड याच सर्वेक्षणाचा. ज्ञात बिंदूंवरून अज्ञात बिंदू काढायचा हे लॅम्बटनचं तत्त्व आणि फोनचं तत्त्व एकच आहे. त्याचे ज्ञात बिंदू टेकड्या होत्या, आपले उपग्रह आहेत. तो कोन मोजत होता, फोन अंतर मोजतो.

सायकल आणि सामान

महागडी सायकल लागत नाही. या वाटांना पातळ टायरची रेसिंग सायकल निरुपयोगी आहे. हायब्रिड किंवा साधी माउंटन सायकल, ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीचं टायर, आणि हवा जरा कमी. गच्च हवा भरली की गिट्टीवर सायकल उड्या मारते.

पंक्चर होणारच, कारण बाभळीचा काटा टायर आरपार करतो. बाभळीखाली सायकल लावू नका आणि पांदणीतून डांबरीवर आल्यावर उतरून दोन्ही टायरांवरून नजर फिरवा. अर्धा आत गेलेला काटा तेव्हाच काढला तर ट्यूब वाचते. सोबत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, चिकटवायचं साहित्य आणि हातपंप ठेवा. आणखी एक लहानशी वस्तू हवीच. नव्या सायकलींना बारीक व्हॉल्व्ह असतो आणि गावच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. दोहोंना जोडणारा पितळी अ‍ॅडॅप्टर दहा-वीस रुपयांना मिळतो. तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवा.

फोन हँडलवर सतत उघडा ठेवू नका. उन्हात तो तापून बंद पडतो, पडदा सुरू राहिला की बॅटरी उतरते आणि मुख्य म्हणजे नजर रस्त्यावरून हटते. मार्ग नोंदवणं सुरू करून फोन खिशात टाका. पडदा बंद असताना नोंद चालू राहते आणि बॅटरीही पुरते. मात्र बॅटरी वाचवायचा मोड सुरू असेल तर काही फोन अ‍ॅप गुपचूप बंद करतात, तेव्हा त्या अ‍ॅपला सेटिंगमधून सूट द्या. एक पॉवर बँक पुरे. सायकलसाठीचं वेगळं जीपीएस यंत्र नियमित फिरणाऱ्यांना सोयीचं आहे, पण नवख्याने त्यावर खर्च करायची गरज नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून पहाटे निघून नऊच्या आत सावलीत यायचं. मेअखेरच्या नवतपात तर सायकल घरीच राहू द्यावी. वर्धेचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि तेव्हाची लू जीव घेते. तासाला अर्धा लिटरपेक्षा जास्त पाणी लागतं असं धरून चाला आणि त्यात मीठ, साखर, लिंबू पिळलेली एक बाटली ठेवा. मळमळ, चक्कर, घाम थांबणं यातलं काही जाणवलं की तिथेच थांबा, सावलीत बसा, डोकं-मान भिजवा आणि मदत मागा. महामार्गावर थोडंही अंतर जायचं असेल तर हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि चमकणारी पट्टी हवीच.

निघताना घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन द्या. ते आठ तासांपर्यंत चालतं, पण रेंज असेल तिथेच. म्हणून ‘अमुक गावावरून अमुक वाजता फोन करीन’ असं तोंडीही सांगून ठेवा. आपत्कालीन मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि वन्यप्राण्यांबाबत वन विभागाचा १९२६ हे क्रमांक फोनमध्येच नव्हे, कागदावरही लिहून खिशात ठेवा. घरी वाट आखताना दर सात-आठ किलोमीटरवर डांबरी रस्त्याला निघणारा एक फाटा खूण करून ठेवावा. थकवा आला, पंक्चर झालं, आभाळ भरून आलं, तर तिथून सरळ बाहेर पडायचं. ठरवलेली वाट पुरी केलीच पाहिजे असं काही नाही.

नोंद ठेवा, परत द्या

परदेशांत जीपीएसवर आधारलेला शोधाशोधीचा एक खेळ चालतो, जिओकॅशिंग. अमेरिकेने मे २००० मध्ये नागरिकांच्या जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि त्यानंतर दोनच दिवसांत हा खेळ सुरू झाला. कुणीतरी डबी लपवायची, तिचे आकडे जाहीर करायचे, इतरांनी शोधायची. आपल्याकडे डब्या लपवायची गरज नाही. शोधण्यासारखं भरपूर आहे आणि ते नकाशावर नाही. पायऱ्यांच्या विहिरी, वीरगळ, पांदणीच्या तोंडाशी शेंदूर लावलेले दगड, जुने घाट, पडकी गढी, शेतात एकट्याच उभ्या असलेल्या देवळ्या. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेने हेच करून दाखवलं. राज्यभरातल्या बारवांची ठिकाणं लोकांनी मिळून नकाशावर आणली आणि त्यानंतर कित्येक ठिकाणी गावकरी बारवा साफ करायला पुढे आले. ठिकाण नकाशावर नोंदलं गेलं की त्याची काळजी घेणारे वाढतात. वन्यजीवांच्या बाबतीत जागा लपवावी, जुन्या बांधकामांच्या बाबतीत सांगावी, हा फरक लक्षात ठेवा.

मुलांना सोबत घेतलं तर हाच खेळ आणखी रंगतो. एका रविवारी तीन बिंदू आखून द्या. एक विहीर, एक नाल्यावरचा पूल, एक जुनं झाड. आकडे कागदावर लिहून द्या, फोन एकाच्याच हातात, बाकीच्यांनी दिशा ओळखायची. प्रत्येक ठिकाणी जवळच्या घरातल्या आजीला किंवा काकांना त्या जागेबद्दल एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर वहीत लिहायचं.

घरी आल्यावर नोंदवलेला मार्ग जीपीएक्स फाइल म्हणून जपून ठेवा आणि तिच्यासोबत चार ओळी लिहा : तारीख, पांदण कोरडी होती की ओली, रपट्यावर पाणी किती, हातपंप चालू होता का, कुठलं गेट बंद मिळालं. वर्षभराने याच नोंदी कुठल्याही अ‍ॅपपेक्षा कामाच्या ठरतात. मग ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढा. ते मोफत आहे. आपण प्रत्यक्ष फिरलेली पांदण त्यावर काढा, तिचा पृष्ठभाग मातीचा की मुरमाचा ते नोंदवा, समृद्धीखालचा भुयारी रस्ता दाखवा, रपटा पावसाळ्यात बुडत असेल तर तसं लिहा. मराठीत गावाचं, नाल्याचं नाव घाला, गावात बोलतात तेच. सेलू तालुक्यातल्या अशा किती वाटा नकाशावर नुसत्याच तुटक रेघा आहेत हे एकदा बघाच. येत्या हिवाळ्यात निदान एक पांदण सायकलने फिरून, लोकांना विचारून, नीट नोंदवा. पुढच्या पावसाळ्यात तिथून जाणाऱ्या अनोळखी माणसाला ती नोंद उपयोगी पडेल.